कोकोबोलो कातताना या चुका टाळा

कोकोबोलो या लाकडाची मी कातलेली पहिली वस्तू म्हणजे झाकणाची एक छोटी डबी. लेथवरून, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावरून, उतरली तेव्हा ती खाली ठेववत नव्हती. नारिंगी, तपकिरी आणि काळ्या रेषा एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की जणू कुणी शाईने काढल्यात. मी तिला उकळलेल्या जवस तेलाचे तीन हात दिले आणि वाळायची वाट बघत बसलो. एक आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यातही बोट लावलं की ठसा उमटायचा. तेल खराब असेल म्हणून नवा डबा फोडला, तरी तेच. दोष तेलात नव्हताच. कोकोबोलोच्या गाभ्यात स्वतःचं तेल आणि रंगद्रव्य ठासून भरलेलं असतं आणि तेच बाहेरच्या तेलाला वाळू देत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

हे झाड आपल्या शिसवाचं सख्खं भावंड. शास्त्रीय नाव डाल्बर्जिया रेटुसा. मेक्सिकोपासून पनामापर्यंत मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक बाजूच्या कोरड्या जंगलांत ते वाढतं. वाळलेल्या लाकडाचं वजन घनमीटरला साधारण १,१०० किलो भरतं, म्हणजे चांगला गाभा पाण्यात बुडतो. सागवान घनमीटरला ६५० किलोच्या आसपास असतं, त्यावरून अंदाज यावा. सुऱ्यांच्या मुठी, बिलियर्डच्या काठ्या, गिटारच्या पाठी, सनईच्या जातीची पाश्चात्त्य वाद्यं अशा कामांत ते पूर्वीपासून वापरात आहे, कारण घासलं की त्याला काचेसारखी झळाळी येते आणि घामाने, ओलाव्याने ते सहज बिघडत नाही. हे गुण त्या तेलामुळेच येतात. खाली सांगितलेल्या बहुतेक अडचणींचं मूळही तेच तेल आहे. ते एकदा ध्यानात ठेवलं की प्रत्येक चुकीचा उपाय वेगळा पाठ करावा लागत नाही.

मेण लावलेला ठोकळा वाळलेला समजणं

कातकामासाठी विकले जाणारे ठोकळे बहुतेकदा सगळ्या बाजूंनी मेणात बुडवलेले असतात. मेण लावतात ते लाकूड ओलं असल्यामुळे, भराभर वाळून तडकू नये म्हणून. कोरडं म्हणून तसाच लेथवर चढवला आणि शेवटच्या आकाराला आणला, तर महिन्याभरात डबीचं झाकण अडकतं नाहीतर भांड्याच्या काठाला चीर जाते. काटे टोचून ओलावा दाखवणारं मीटर इतक्या घट्ट आणि तेलकट लाकडात दिशाभूल करू शकतं. तराजू जास्त खरं सांगतो. ठोकळ्यावर तारीख आणि वजन लिहा, आडव्या कापावरचं म्हणजे दोन्ही टोकांचं मेण तसंच ठेवा, लांब बाजूंवरचं खरडून काढा आणि सावलीत ठेवून द्या. दर आठवड्याला वजन करा. सलग काही आठवडे आकडा हलला नाही की लाकूड तुमच्या खोलीच्या हवेशी जुळलं. उन्हात किंवा मायक्रोवेव्हमध्ये घाई करू नका. इतक्या दाट लाकडात आतलं पाणी बाहेर यायला वेळ लागतो, आणि बाहेरचा थर आधी आकसला की तडा आलाच. थांबायचं नसेल तर आधी ओबडधोबड, जाड भिंतीचं भांडं काता, ते वाळू द्या आणि मग पुन्हा चढवून नेमक्या आकाराला आणा.

गोंदावर भाबडा विश्वास

सुतारकामाचा पांढरा गोंद लाकडाच्या छिद्रांत शिरून पकड घेतो. कोकोबोलोच्या पृष्ठभागावर तेल आलेलं असलं की तो नीट शिरत नाही. सांधा क्लॅम्पमध्ये पक्का वाटतो, सुटला की आवाजही न करता उघडतो, आणि दोन्ही फळ्यांवर गोंदाचा थर कागदासारखा सोलून निघतो. असा सोललेला स्वच्छ थर दिसला तर गोंद कमी पडलेला नाही, तो चिकटलाच नाही असं समजा.

सगळ्यात मोठा फरक वेळेमुळे पडतो. काल रंधलेली बाजू आज चिकटवायला घेऊ नका. ताजी रंधा मारलेली किंवा १०० नंबरच्या सँडपेपरने खरवडलेली बाजू ॲसिटोनने पुसा, चिंधी बदलत रहा. चिंधीवर नारिंगी रंग येतच राहील, ती कधीच पूर्ण पांढरी निघणार नाही, म्हणून हट्टाने घासत बसू नका. दोन-तीन मिनिटांत ॲसिटोन उडून गेलं की लगेच गोंद लावा. अर्ध्या तासाने लावलात तर आतलं तेल पुन्हा वर आलेलं असतं. गोंद इपॉक्सी घ्या, तोही सावकाश चोवीस तासांत सुकणारा. पाच मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी त्यामानाने कच्चा पडतो. आणि क्लॅम्प सगळी ताकद लावून आवळू नका. इपॉक्सीला सांध्यात पातळ थर उरावा लागतो. सगळा पिळून बाहेर काढला तर सांधा उपाशी राहतो.

ॲसिटोन हाताळताना एक खबरदारी घ्या. ते झटकन पेट घेतं, त्यामुळे जवळ ग्राइंडर, हीटर, ठिणगी काही नको. निळे नायट्राइल हातमोजे त्याला फार वेळ अडवत नाहीत, भिजले की बदला.

कातकाम करणाऱ्यांसाठी याच प्रकरणातली एक चूक धोक्याची आहे. भांड्याच्या तळाला टाकाऊ लाकडाचा तुकडा सुपर ग्लूने चिकटवून तोच चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरायचा, ही सवय बऱ्याच जणांना असते. साध्या लाकडाला ती चालून जाते. कोकोबोलोत तेलामुळे पकड आधीच अर्धवट, त्यात सुपर ग्लू धक्क्याला ठिसूळ आणि उष्णतेला नरम. हत्यार अडकलं की किलोभराचा ठोकळा उडून येतो. लाकूड महाग म्हणून तळाचे दोन सेंटिमीटर वाचवायचा मोह मलाही व्हायचा. आता मी ठोकळ्यातच खुंटी कातून ती चकमध्ये धरतो किंवा फेसप्लेट, म्हणजे लेथची सपाट तबकडी, स्क्रूने बसवतो, आणि ते दोन सेंटिमीटर गेले तर जाऊ देतो.

उष्णता

बोथट हत्याराने हे लाकूड कापलं जात नाही, घासलं जातं. घासलं की तापतं, तापलं की तेल वितळून धारेवर गुळासारखं बसतं आणि धार आणखी बोथट होते. भुसा पिठासारखा पडू लागला तर थांबा. हत्यार ॲसिटोनने पुसून धार लावा. धार बरोबर असेल तर या लाकडाचे लांब, मऊ कुरळे निघतात आणि खोलीत मसाल्याच्या डब्यासारखा वास पसरतो.

पेनसाठी आरपार भोक पाडताना तर उष्णता हमखास घात करते. ड्रिल एका दमात आत ढकललं की भुसा खोबणीत कोंबला जातो, आत चटका बसतो, आणि बाहेरून काही दिसत नसलं तरी बारीक चिरा पडलेल्या असतात. त्या लेथवर किंवा नंतर कधीतरी पॉलिश केल्यावर उघड्या होतात. फेरे कमी ठेवा, अर्धा-एक सेंटिमीटर आत गेलं की ड्रिल बाहेर काढून भुसा झाडा, हात लावून कोमट लागलं तर थांबा. ठोकळा गरजेपेक्षा थोडा लांब ठेवा आणि ड्रिलचं टोक पलीकडून बाहेर फोडण्याऐवजी तो जादा भाग शेवटी कापून टाका, म्हणजे तोंडाशी टवका उडत नाही.

सँडिंगलाही हाच नियम. लेथचा वेग कमी, पेपर नवा, दाब हलका. कापलेला पृष्ठभाग चांगला असेल तर १८० किंवा २२० पासून सुरू करता येतं. पेपर डिंकाने भरून गुळगुळीत झाला की तो फेकून द्या, कारण भरलेला पेपर फक्त तापवतो. आडव्या कापावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या तर त्या उष्णतेच्या चिरा. उथळ असतील तर पातळ सुपर ग्लू मुरवून वाचवता येतात, खोल असतील तर पुन्हा हत्यार घेऊन तेवढा थर काढावा लागतो.

शेजारचं पांढरं लाकूड नारिंगी होणं

मेपल किंवा तशा फिकट लाकडाशेजारी कोकोबोलो जोडलं तर दिसतं सुरेख, पण पेपर मारताच नारिंगी धूळ फिकट लाकडाच्या छिद्रांत जाऊन बसते. ओल्या फडक्याने पुसलं तर ती आणखी आत जाते, अल्कोहोलने पुसलं तर रंगच पसरतो. फिकट भागाला आधी शेलॅकचा, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा, पातळ हात देऊन छिद्रं बंद करा. शेवटचा सफाईचा हात पेपरने न देता धारदार स्क्रेपरने द्या, आणि धूळ पुसण्याऐवजी व्हॅक्यूमने ओढून घ्या. कोकोबोलोच्या स्वतःच्या बाहेरच्या पांढरट लाकडालाही हेच लागू, ते तर आणखी पटकन डागतं.

वाळतच नाही असं पॉलिश

आता पुन्हा त्या डबीकडे. जवस तेल, टंग ऑइल, तेलावर आधारलेलं व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन, हे सगळे हवेतला ऑक्सिजन घेऊन रासायनिक साखळ्या बांधत सुकतात. कोकोबोलोतल्या फिनॉल जातीच्या द्रव्यांचं काम नेमकं उलट, ती ही साखळी मध्येच तोडतात. म्हणून वाट पाहून, पंखा लावून, आणखी एक हात देऊन काही होत नाही. उलट प्रत्येक नवा हात चिकटपणा वाढवतो.

आधीच चिकट झालेली वस्तू असेल तर टर्पेंटाइनने आणि मग ॲसिटोनने सगळं उतरवा. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवा. दुसऱ्या दिवशी मेण काढलेल्या शेलॅकचे दोन-तीन पातळ हात द्या. लिटरभर अल्कोहोलला १२० ग्रॅम चपडा, इतकं पातळ पुरतं. मेण काढलेलंच हवं, कारण साध्या चपड्यातल्या मेणावर पॉलियुरेथेन नीट धरत नाही. शेलॅक फक्त अल्कोहोल उडून सुकतं, ऑक्सिजनच्या भरवशावर राहत नाही, त्यामुळे कोकोबोलो त्याला अडवू शकत नाही. आणि एकदा मध्ये शेलॅकची भिंत उभी राहिली की वर हवं ते लावा. फक्त शेलॅकचा पहिला हात रगडून लावू नका, अल्कोहोल नारिंगी रंग ओढून आणतो. एका दिशेने एकच फटकारा मारा, किंवा फवारा.

माझं मत विचाराल तर हातात वापरायच्या लहान वस्तूंना या लाकडावर जाड थर लागतच नाही. ६०० नंबरपर्यंत काळजीने पेपर मारा, बफच्या चाकावर फिरवा, वर कार्नोबा मेणाचा हलका हात द्या. जी झळाळी येते ती लाकडाची स्वतःची असते, आणि हाताळून मंद झाली तर पुन्हा पाच मिनिटांत आणता येते.

आजचा रंग कायमचा समजणं

ताज्या कापाचा तो नारिंगी-लाल रंग राहत नाही. उजेड आणि हवा लागून काही महिन्यांत तो गडद लालसर तपकिरी होतो. अतिनील किरणं अडवणारं पॉलिश हा बदल लांबवतं, थांबवत नाही. कुणासाठी वस्तू करत असाल तर हे आधीच सांगा. एका तुकड्याच्या अर्ध्या भागावर ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळून दोन आठवडे खिडकीत ठेवा आणि दोन्ही अर्धी शेजारी दाखवा. दोन फळ्या जोडायच्या असतील तर त्या एकाच दिवशी रंधा, नाहीतर जुनी गडद आणि नवी फिकट असा घोटाळा होतो आणि तुम्ही उगाच वेगळा तुकडा शोधत बसता.

धूळ

ही चूक मी शेवटाकडे ठेवली, पण महत्त्वात ती पहिली. कोकोबोलोतली क्विनोन द्रव्यं, त्यात ऑब्ट्युसाक्विनोन हे एक, त्वचेला ॲलर्जी शिकवतात. शिकवतात हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. पहिल्या वेळी बहुधा काही होत नाही, पाचव्या वेळीही नाही, म्हणून माणूस बेफिकीर होतो. मग एके दिवशी पापण्या सुजतात, मानेवर, मनगटावर लाल खाजरे चट्टे उठतात. त्यानंतर शरीर विसरत नाही. पुढच्या वेळी थोड्याशा धुळीनेही तेच होतं, आणि शिसवासारख्या त्याच कुळातल्या इतर लाकडांनीही होऊ शकतं. अनेक कसबी कातारींना हे लाकूड यामुळेच कायमचं सोडावं लागलं आहे.

नाकावर रुमाल बांधणं म्हणजे संरक्षण नव्हे. चेहऱ्याला घट्ट बसणारा, बारीक कण अडवणारा मास्क लावा आणि धूळ ओढणारा पाइप लेथच्या अगदी जवळ आणा. बाह्या लांब, पण मनगटाशी घट्ट. लेथजवळ सैल कापड नको. काम करताना घाम हाताने पुसू नका. झाडू मारू नका, व्हॅक्यूम वापरा. संपलं की साबणाने हात आणि चेहरा धुवा, कपडे घरच्यांच्या कपड्यांपासून वेगळे धुवा. चट्टे किंवा श्वासाचा त्रास दिसला तर मलम लावून काम पुढे रेटू नका, डॉक्टरांना लाकडाचं नाव सांगा. आणि लाकडाची धूळ कुठलीही असो, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच तिला कर्करोगकारक ठरवलं आहे.

याच कारणाने बाळाची खुळखुळी, तोंडात धरायची बासरी, जेवायचे चमचे यांसाठी मी हे लाकूड वापरत नाही. भुसा जनावरांखाली अंथरायलाही देत नाही.

कागद न बघता खरेदी

जंगलं इतकी तोडली गेली की कोकोबोलो २०१३ पासून साइटीस या, धोक्यातल्या वन्य प्राण्या-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या, कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जियाच्या बाकीच्या जातींवरही आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. म्हणजे सीमेपलीकडून ठोकळा मागवताना किंवा केलेली वस्तू परदेशी पाठवताना परवाना लागू शकतो. काही तयार वस्तूंना आणि वाद्यांना सूट आहे, पण ती गृहीत धरू नका, पाठवण्याआधी नियम वाचा. कागद नसलेला स्वस्त ठोकळा बहुधा चोरतोडीचा असतो, तो घेऊ नका. जुन्या फर्निचरचे, तुटलेल्या वाद्यांचे तुकडे मिळाले तर अवश्य घ्या. मी खरेदीची पावती त्या ठोकळ्याच्याच डब्यात ठेवतो, आणि उरलेल्या प्रत्येक तुकड्यावर तारीख आणि वजन लिहितो.