पद्मिनी घरी आणलीत? आधी या चुका टाळा

जुनी फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्या आधीची डिलाइट-प्रेसिडेंट, घेतली की लोक मला फोन करतात. प्रश्न ठरलेला असतो: "काका, नवी बॅटरी आणलीये, पेट्रोल टाकलंय, मारू का सेल्फ?"

नका मारू. नऊ-दहा वर्षं गोठ्यात किंवा शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या सिलिंडरांच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात, पिस्टनच्या रिंगा जागच्या जागी चिकटलेल्या असतात. सेल्फच्या जोरावर इंजिन फिरवलंत तर रिंग तुटते, बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चरे पडतात आणि दोन चमचे ऑइलमध्ये भागणारं काम रीबोअरिंगवर, म्हणजे सिलिंडर पुन्हा कोरून घेण्यावर, जातं. 1964 ची डिलाइट असो, नंतरची प्रेसिडेंट असो की 1974 पासूनची पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्यांत 1089 सीसीचं तेच साधं, सोशिक इंजिन आहे. सांभाळून उठवलं तर ते सहसा दगा देत नाही.

माझी सवय सांगतो. चारही प्लग काढायचे, प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल सोडायचं आणि गाडीकडे दोन दिवस फिरकायचं नाही. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावायचा आणि हाताने हळूहळू फिरवायचं. फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर पुन्हा ऑइल, पुन्हा दोन दिवस. गिअरमध्ये टाकून धक्का मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मोकळं फिरायला लागल्यावर जुनं ऑइल काढा, नवं भरा, प्लग बाहेरच ठेवून थोडा सेल्फ मारा म्हणजे ऑइल वरपर्यंत चढेल. प्लगच्या वायरी काढण्याआधी त्यांना चिकटपट्टीने नंबर द्या. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, 1-3-4-2 आहे. ती चुकली की माणसं दिवसभर कार्ब्युरेटर खोलत बसतात.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. त्याचा चिकट राळेसारखा थर होतो आणि कार्ब्युरेटरची बारीक भोकं, म्हणजे जेट, बुजतात. टाकी उतरवून आत टॉर्च मारा. गंज दिसला तर आधी टाकी साफ करा. रबरी पेट्रोल पाइप सरसकट बदला. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आणि जुनं रबर त्याने फुगतं, तडकतं.

आता ज्या चुकीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती. इंजिन चालू झालं की सगळ्यांना वाटतं, गाडी चालू झाली. ब्रेककडे कोणी बघतच नाही.

मिरजेच्या माझ्या मित्राने 1979 ची पद्मिनी घेतली होती, अकरा वर्षं उभी असलेली. तीन रविवार खपून आम्ही इंजिन उठवलं. पहिल्याच झटक्यात ते गुरगुरलं, त्याच्या आईने नारळ फोडला, पोरं मागच्या सीटवर चढली. मित्राने जागेवरच दोनदा पेडल दाबून पाहिलं; कडक लागलं. फाटकापासून रस्त्यापर्यंत लहानसा उतार. उतारावर त्याने पाय दाबला आणि पेडल थेट पत्र्याला टेकलं. एका व्हील सिलिंडरचा, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरचा, जुना रबरी वॉशर फाटला होता. या गाडीत चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलचं एकच सर्किट असतं, एका चाकाचं तेल गेलं की चारही चाकं गेली. हँडब्रेकची केबल गंजून अडकलेली. गाडी समोरच्या घराच्या कंपाउंडवर आदळून थांबली. पुढचा पत्रा, रेडिएटर, एक हेडलाइट गेला. पोरांना खरचटण्यावर भागलं. मी तिथेच उभा होतो आणि मी अडवलं नव्हतं, हे मला आजही सलतं.

तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे: गाडी आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे. चारही चाकांचे ब्रेक ड्रम उघडतो. व्हील सिलिंडरचे आणि मास्टर सिलिंडरचे (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) वॉशर, रबरी होज वरून चांगले दिसले तरी बदलतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि सिलिंडर आतून गंजतो. आत खड्डे दिसले तर घासत बसू नका, सिलिंडरच बदला. मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी 2023 पर्यंत धावत होती, त्यामुळे असले भाग अजून मिळतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्यात नाना पेठेत अर्धा दिवस पायपीट करायची तयारी ठेवा.

दुसरं, उत्साहाच्या भरात अख्खी गाडी एकदम खोलू नका. खोललेली, डब्यांत भरलेली आणि मग भंगारात गेलेली गाडी मी पाहिली आहे. एका वेळी एकच काम: ब्रेक म्हणजे ब्रेक. नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत, वर चिठ्ठी, खोलण्याआधी फोटो.

नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. घोडी, म्हणजे गाडी तोलून धरणारा लोखंडी स्टँड, लावाच.

टायरची नक्षी शाबूत दिसली तरी जुने टायर रस्त्यावर नेऊ नका.

क्रोमच्या पट्ट्या, टेललाइटच्या काचा, मूळ बोधचिन्हं तुटकी असली तरी टाकू नका. इंजिनचे भाग मिळतील, हे मिळणार नाहीत.

रंग सगळ्यात शेवटी. आल्या-आल्या गाडी पेंटरकडे देणारे मला पटत नाहीत. मॅट उचला, पायाखालचा पत्रा, दारांखालची पट्टी आणि डिकीचा तळ स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. गंजावर पुट्टी भरून रंग मारला तर दोन पावसाळ्यांत फुगे येतात. कुजलेला पत्रा कापून नवा जोडणारा टिंकर (पत्राकाम करणारा कारागीर) शोधा आणि तो म्हणेल तेवढा वेळ त्याला द्या.

आणि कागद. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोजच्या वापराला नेता येत नाही. गाडी त्याहून नवी असेल तर आर.सी.ची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राची, मुदत पाहा. इंजिनवर एक रुपयाही घालण्याआधी, आज संध्याकाळीच, कपडा आणि टॉर्च घेऊन चासी नंबर पुसा आणि आर.सी.वरच्या नंबराशी एकेक आकडा ताडून पाहा.