जपानात आडगावचं रामेन शोधताना

रामेन म्हणजे रश्श्यातल्या शेवयांचा जपानी वाडगा. टोकियोत उतरून फोनवर इंग्रजीत ‘बेस्ट रामेन’ शोधलं की ठरलेली दहा-बारा दुकानं पुढं येतात, आणि रांगेत बहुतेक आपल्यासारखेच प्रवासी असतात. वेगळं काही खायचं तर आधी गाव ठरवावं, दुकान मागाहून. पुण्याची, नाशिकची आणि आपली कोल्हापूरची मिसळ एक नाही, तसं तिथंही गाव बदललं की वाडगा बदलतो. अशा गावच्या रामेनला ‘गोतोची रामेन’ म्हणतात. भाषांतराच्या ॲपमध्ये गावाचं नाव आणि हा शब्द जपानी लिपीत करून घ्या आणि तेच नकाशात चिकटवून शोधा. इंग्रजीत न दिसणारी दुकानं सापडतात. ताबेलोग या तिथल्या साइटवर लोक हात राखून गुण देतात. पाचपैकी ३.५ म्हणजे उत्तम समजा, आणि ३.२ दिसलं म्हणून चांगलं दुकान सोडू नका.

वाडग्यात काय असतं ते आधी माहीत हवं. तळाशी ‘तारे’, म्हणजे सोया सॉस, मीठ किंवा मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचा) खारट अर्क. त्यावर हाडांचा किंवा सुक्या माशांचा रस्सा, वर वासाचं तेल, मग शेवया आणि मांस-अंडं-कांदापात. शेवयांचा पिवळा रंग आणि चिवटपणा कान्सुई नावाच्या क्षारामुळं येतो. आपण पापडखार वापरतो, त्याच जातीचा. एकेका गावाचं वेगळेपण यातल्या एखाद-दुसऱ्या गोष्टीत असतं. ते कशात आहे हे माहीत असेल तर पहिल्या घासालाच कळतं.

कोल्हापूरकरांनी सुरुवात कात्सुउरापासून करावी. चिबा प्रांतातलं हे मासेमारीचं गाव, टोकियो स्टेशनवरून वाकाशिओ एक्स्प्रेसनं सुमारे दीड तास. समुद्रातून गारठून आलेल्या कोळ्यांना आणि पाणबुड्या बायकांना ऊब यावी म्हणून इथलं तानतानमेन रुजलं. सोया सॉसच्या रश्श्यावर मिरचीच्या तेलाचा लालभडक थर, त्यात भरपूर कांदा आणि खिमा. तर्री कशी दिसते ते आपल्याला सांगायला नको, पण चूक इथंच होते: शेवया जोरात सुर्रकन ओढल्या की वरचं तेल घशात जातं आणि ठसका लागतो. पहिले चार-पाच घास उचलून सावकाश खा, मग ओढा. तळाशी बसलेल्या खिम्यासाठी काही दुकानांत भोकं असलेला चमचा मिळतो.

दुसरं यामागाता प्रांतातलं आकायू. यामागाता शिंकान्सेन ही वेगवान गाडी तिथं थांबते. मिसोच्या रश्श्यात मधोमध लाल तिखट मिसोचा गोळा, आजूबाजूला हिरव्या समुद्रशेवाळाची पूड, शेवया जाड आणि वळीदार. गोळा एकदम कालवायचा नाही. आधी चमचाभर साधा रस्सा प्या, मग चॉपस्टिकच्या टोकानं गोळ्याची कड थोडी थोडी सोडवत खा. पांढऱ्यावर जेवायला बसावं आणि हळूहळू तांबड्यावर यावं, तसं एकाच वाडग्यात घडतं. एकदम ढवळलं तर सुरुवातीची चव हातची जाते आणि उरतो तो फक्त खारटपणा.

खारटपणावरून आठवलं, तोयामा शहराचं ‘तोयामा ब्लॅक’. काळाकुट्ट सोया सॉस आणि भरड मिरी. युद्धानंतर घाम गाळणाऱ्या कामगारांसाठी, भाताशी तोंडी लावायला ते निघालं. म्हणून सोबत भात घ्याच. नुसतं प्यायला गेलात तर अर्धं टाकून याल.

फुकुशिमा प्रांतातल्या किताकाताला लोक सकाळी सातलाच रामेन खातात. आपल्याकडं सकाळची मिसळ खातात, तसंच. शेवया चपट्या, जास्त पाणी घालून मळलेल्या पिठाच्या. त्सुबामे हे चमचे-सुऱ्यांच्या कारखान्यांचं गाव: कारखान्यात डबा पोचेपर्यंत रस्सा निवू नये म्हणून वर डुकराच्या चरबीचा थर, आणि फुगू नयेत म्हणून शेवया जाड. कोची प्रांतातल्या सुसाकीत रामेन मातीच्या भांड्यात खदखदत येतं, वर कच्चं अंडं. अंडं लगेच फोडू नका, थोडं धरू द्या. एवढं फिरायला वेळ नसेल तर १९९४ साली सुरू झालेलं शिन-योकोहामा रामेन म्युझियम आहे. तिथं छोटे वाडगे मागता येतात, त्यामुळं दोन-तीन गावांची चव एका दुपारी होते.

तिखटाबद्दल एक. ‘शिबिरे’ असं लिहिलेलं असेल तर ती मिरची नव्हे, जीभ बधिर करणारा मसाला आहे, आपल्या तिरफळाच्या कुळातला. पहिल्यांदा कमीच मागा.

लहान गावात वेळ चुकली की सगळं चुकतं. दुकानं साधारण अकरा ते दोन, मग थेट संध्याकाळी. रस्सा संपला की त्याआधीच पाटी उलटते. तीनला पोचणं म्हणजे उपाशी परतणं. आठवड्याची सुट्टी बघून साडेदहाला दारात राहा. सहा-सात जणांचा घोळका नेऊ नका. काउंटरला आठ-दहाच खुर्च्या असतात.

दाराशी बऱ्याचदा तिकिटाचं यंत्र असतं. काही नीट वाचता येत नसेल तर वरच्या डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबा, दुकानाचा मुख्य पदार्थ बहुधा तिथंच असतो. जुन्या यंत्रांत १,००० येनचीच नोट चालते, आणि जुलै २०२४ मध्ये आलेल्या नव्या नोटा काही यंत्रं घेत नाहीत. ५०० आणि १०० ची नाणी खिशात ठेवा. आधी तिकीट की आधी रांग, हे दुकानागणिक बदलतं. पुढचा माणूस काय करतो ते पाहा.

माणशी एक वाडगा घ्यावाच लागतो, दोघांत एक चालत नाही. आपल्याकडं रस्सा पुन्हा वाढतात, फुकुओका शहरातल्या हाकाताला शेवया वाढतात: त्याला ‘काएदामा’ म्हणतात. दोन घास उरले असताना मागा आणि रस्सा आधीच पिऊन टाकू नका. नव्या शेवयांबरोबर पाणी येऊन चव फिकी पडते, म्हणून टेबलावरच्या बाटलीतलं तारे थोडं घाला. तिथल्या शेवया बारीक, फोटो काढत बसलात तर लगेच फुगतात. ‘काता’ म्हटलं की थोड्या कडक देतात.

गोमांस चालत नसेल तर तोत्तोरी प्रांतात विचारूनच खा; तिथं बैल-गाईच्या हाडांचा रस्सा हीच ओळख आहे. शाकाहारी मंडळींनी ‘मांस काढून द्या’ असं सांगून भागत नाही, कारण हाडं रश्श्यात आणि मासे ‘तारे’मध्ये असतात. त्यांच्यासाठी टोकियो स्टेशनात, तिकिटाच्या फाटकाच्या आत, केइयो स्ट्रीटवर टीज तानतान आहे. तिथं सगळंच वनस्पतीजन्य आहे, तिळाचा रस्सा दाट आणि पोटभरीचा.