रोड बाईकचा टायर: अजून चालेल की बदलायचा?

मोटरसायकलच्या टायरची नक्षी गेली की ‘टायर गोटा झाला’ म्हणून तो बदलतात. तोच हिशोब रोड बाईकला, म्हणजे अरुंद टायरच्या वेगवान सायकलला, लावला की फसगत होते, कारण रोड बाईकचे कित्येक चांगले टायर नवेकोरे असतानाच मधोमध गुळगुळीत असतात. ओल्या रस्त्यावर गाडी पाण्यावर तरंगू नये म्हणून मोटारीच्या टायरला खाचा लागतात. सायकलचा टायर अरुंद आणि कडक असतो, शिवाय वेगही तेवढा नसतो, म्हणून तिथे हा प्रश्नच येत नाही. कडेच्या बारीक रेघा बहुतेक वेळा शोभेच्याच. बघायचं ते रबर किती उरलंय आणि रबराखालचं धाग्यांचं कापड, म्हणजे केसिंग, शाबूत आहे का. हवेचा सगळा दाब हे कापडच पेलतं. रबर झिजलेला टायर जाण्याआधी पंक्चर करून करून त्रास देतो. कापड तुटलेला टायर मात्र उतारावर अचानक फुटतो.

आधी मागचा टायर बघा. निम्म्याहून जास्त वजन त्याच्यावर असतं आणि पेडलचा सगळा जोरही त्यातूनच रस्त्यावर जातो. हलका रेसिंग टायर मागे साधारण ३,००० ते ५,००० किलोमीटर चालतो, जाड रबराचा ट्रेनिंग टायर ६,००० ते ८,००० पर्यंतही जातो. पुढचा त्याच्या दुपटीने टिकतो. हे आकडे फक्त ‘आता तपासायला हवं’ एवढं सांगायला. वजन, हवेचा दाब आणि रस्त्याचं डांबर यांनी ते सहज निम्मे होतात. टायर बसवाल त्या दिवशी साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भागावर, पांढऱ्या मार्करने तारीख आणि मीटरवरचं किलोमीटर लिहून ठेवा, नंतर आठवावं लागत नाही.

काही टायरांवर झीज दाखवणाऱ्या खुणा असतात. कॉन्टिनेंटलच्या जीपी ५००० वर मधल्या रबरात दोन बारीक खड्डे आहेत. ते दिसेनासे झाले की टायर संपला. खुणा नसतील तर सायकलच्या मागे उकिडवं बसा आणि टायरची गोलाई बघा. नवा टायर पूर्ण गोल असतो, झिजलेल्याच्या मधोमध सपाट पट्टा दिसतो आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बोटाला लागेल अशी धार. पट्टा बोटभर रुंद झाला असेल तर घाटाच्या वळणावर सायकल कलताना त्या धारेवरून ती एकदम ‘पडल्यासारखी’ वाटते. तरी नुसता सपाटपणा दिसला म्हणून आजच्या आज टायर काढायची गरज नाही, नवा मागवून ठेवा. रबरातून धागे किंवा आतला वेगळ्या रंगाचा पंक्चरविरोधी पट्टा डोकावला, तर मात्र त्या टायरवर एकही राईड नको.

वर्षभर गप्प बसलेला टायर महिन्यात तीनदा पंक्चर झाला, तर रबर पातळ झालं असा अंदाज बरोबर असू शकतो. पण आधी सराट्याचा संशय घ्या. पावसाळा संपला की रस्त्याच्या कडेच्या मातीत सराटे वाळून पडलेले असतात. चहाला थांबताना सायकल त्या मातीत ढकलत नेली की काम झालं. काटा ओढून काढताना टोक आत मोडतं आणि ते मिलिमीटरभर टोक दर नव्या ट्यूबला भोक पाडत राहतं. म्हणून टायरवरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी येईल असं बसवा. ट्यूबचं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजलं की टायरवरची नेमकी जागा सापडते. मग टायर उलटा करून आतून पायातला जुना मोजा फिरवा. काटा किंवा ट्रकच्या टायरमधली बारीक तार असेल तिथे मोज्याचा धागा अडकतो. उघडं बोट फिरवू नका, तार बोटात जाते.

चिरा तपासायच्या त्या हवा कमी करून. २०–३० पीएसआय (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) ठेवा, टायर दोन्ही अंगठ्यांनी दाबा म्हणजे चीर तोंड उघडते. आत काचेचा कण चमकला तर पिनेच्या टोकाने उचकटून काढा, नाहीतर प्रत्येक फेरीला तो थोडा थोडा आत जात राहतो. पावसात हे दर आठवड्याला करा, कारण ओलं रबर जास्त सहज कापलं जातं. चिरेच्या तळाशी अजून काळं रबरच दिसत असेल तर थेंबभर सुपर ग्लू घालून दाबून धरा आणि विसरा. तळाशी तुटलेले धागे दिसले तर टायर गेला. जोरात हवा भरल्यावर तिथे फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर किती किलोमीटर चाललाय याला काही अर्थ उरत नाही.

फुगा नेहमी डोळ्यांना दिसतोच असं नाही. सायकल उलटी करा, चाक फिरवा, एक बोट फ्रेमला टेकवून टायरच्या अगदी जवळ धरा. टायर एका जागी उसळी मारतोय किंवा आडवा हलतोय असं दिसलं तर रिमलगतची बारीक रेघ बघा. एका जागी ती रेघ रिमच्या आत बुडाली असेल, तर टायर नीट बसलेला नाही एवढंच. हवा सोडून पुन्हा बसवा. रेघ सगळीकडे सारखी आणि रिमही सरळ असूनही उसळी असेल, तर केसिंग आतून तुटलंय.

साइडवॉलला दया नको. तिथे रबराचा थर नावाला असतो, म्हणून मधल्या रबरात चालून जाणारी चीर तिथे चालत नाही. सुटे धागे, उन्हाने पडलेल्या जाळीदार भेगा, घासल्याचा पट्टा यांपैकी काहीही दिसलं तर बदला. रिम ब्रेक (रिमला पॅड दाबून थांबवणारे) असतील तर घासल्याचं कारण बहुधा ब्रेक पॅड वर चढलेला असणं. तो खाली न घेता नवा टायर घातलात तर तोही तसाच कापला जाईल. सायकल गच्चीत उन्हात उभी राहत असेल तर कमी चाललेला टायरही तीन-चार वर्षांत कडक होतो.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. मागचा झिजला म्हणून तो पुढे घालायचा आणि पुढचा चांगला मागे, म्हणजे ‘दोन्ही सारखे झिजतील’. हे करू नका. मागचा टायर फुटला किंवा घसरला तर सायकल बहुतेक वेळा सावरता येते. पुढचा गेला की हँडल हातात राहत नाही. नवा टायर पुढे, पुढचा मागे, मागचा बाद.

विकत घेताना ७००×२५ याऐवजी साइडवॉलवरचा २५-६२२ असा आकडा बघा: २५ ही टायरची रुंदी आणि ६२२ हा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ६२२ जुळलाच पाहिजे. २५ वरून २८ वर जायचं असेल तर फ्रेम, फोर्क आणि ब्रेकपासून सगळीकडे निदान ४ मिलिमीटर जागा सुटते का ते आधी मोजा. जुन्या कॅलिपर ब्रेकखाली (टायरवरून कमानीसारखा येणारा रिम ब्रेक) २८ पुष्कळदा घासतो. रिम हुकलेस (टायरची कड अडकवायला आत वळलेली धार नसलेली) असेल तर टायर त्यासाठी चालणारा हवा आणि दाब ७२ पीएसआयच्या वर नको.

बसवताना बाणाची दिशा बघा, रिम टेप (रिमच्या आतली भोकं झाकणारी पट्टी) सरकलेली नाही ना ते बघा, ट्यूबमध्ये आकार येईल एवढीच हवा भरा. व्हॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा वीतभर भाग चढत नसेल तर लिव्हर (टायर चढवायची-काढायची पट्टी) घेण्याआधी चढलेला भाग दोन्ही बाजूंनी दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, तेवढी ढील बहुतेक वेळा पुरते. लिव्हरने ट्यूब चिमटली जाते आणि नव्या टायरवर पहिल्याच दिवशी पंक्चर होतं. ३० पीएसआयला थांबा, रिमलगतची ती रेघ पुन्हा एकदा बघा, मग पूर्ण हवा भरा.

बाद झालेला टायर टाकण्याआधी त्याच्या साइडवॉलचा ५-६ सेंटिमीटरचा तुकडा कापा, कडा घासून पातळ करा आणि सॅडलबॅगमध्ये ठेवा. पंक्चरवाले याला गेटर म्हणतात. वाटेत टायर फाटला तर ट्यूब आणि टायरच्या मधे तो ठेवून ५०–६० पीएसआयवर हळू घरी येता येतं. गेटर नसेल तर टपरीवरच्या ज्यूसच्या टेट्रापॅकचा तुकडा चालतो. दुधाची पिशवी नको, ती ताणली जाते आणि ट्यूब त्याच फटीतून बाहेर येते.