पाऊस सरल्यावर आंबा-काजूच्या बागेत : ओलावा, पालवी आणि कीड

कोकणात वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर, काही भागांत त्याहूनही अधिक पाऊस पडतो. तरीही दिवाळी उलटली की कातळालगतच्या बागेतली माती मुठीत धरल्यास भुगा होऊन गळते. जांभ्यापासून झालेल्या या तांबड्या जमिनीतून पाणी भराभर झिरपते, उतारावरून वाहते आणि जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियम व पालाशही (पोटॅश) घेऊन जाते. त्यामुळे जमीन आम्लधर्मी होते, आणि तिच्यातील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) असे धरून ठेवतात की खत घालूनही ते मुळांना पुरेसे मिळत नाही. म्हणून माती परीक्षण न करता केवळ शेजाऱ्याने घातले म्हणून खत घालू नये.

या दिवसांत पाणी कोणत्या झाडाला द्यायचे आणि कोणत्या झाडाला द्यायचे नाही, हे आधी ठरवावे. उत्पादनक्षम हापूसला मोहोर येण्यासाठी पाण्याचा थोडा ताण आणि रात्रीची थंडी हवी असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याला मायेने पाणी किंवा नत्र दिल्यास मोहोराऐवजी पालवी फुटण्याचा संभव वाढतो, आणि कोवळी पालवी म्हणजे किडीला दिलेले आमंत्रणच होय. अशा झाडांना फळे वाटाण्याएवढी झाल्यानंतर दर 15 दिवसांनी झाडामागे 150 ते 200 लिटर पाणी तीन ते चार वेळा द्यावे आणि काढणीच्या महिनाभर आधी ते बंद करावे.

नव्या कलमांचे मात्र उलट असते. त्यांना पहिल्या वर्षी आठवड्यातून एकदा, दुसऱ्या वर्षी 15 दिवसांतून एकदा आणि तिसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा पाणी द्यावे लागते. विहीर नसलेल्या डोंगरउताराच्या बागेत यासाठी जलकुंड उपयोगी पडते. 4 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 1 मीटर खोल खड्ड्यात 8,000 लिटर पाणी मावते. दर आठवड्याला कलमामागे 15 लिटर धरल्यास 20 कलमांना ते सुमारे 26 आठवडे पुरेल, अर्थात बाष्पीभवनाची घट सोडून. ही घट कमी करण्यासाठी कुंडावर झावळ्यांचे आच्छादन करावे. तळाला व बाजूंना पेंढ्याचा थर देऊन त्यावर प्लास्टिकचे कापड अंथरावे, म्हणजे जांभ्याच्या खड्यांनी ते फाटत नाही. वहाळ वाहता आहे तोवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालावा. डिसेंबरमध्ये आठवण होऊन उपयोग नाही. कलमांच्या आळ्यात सुके गवत किंवा पातेरा पसरावा, फक्त तो खोडाला टेकू देऊ नये, कारण वाळवी लागते.

आता किडींकडे वळू. काजूवरील ढेकण्या कोवळ्या फुटीतील, मोहोरातील आणि कोवळ्या बीतील रस शोषतो. त्याच्या लाळेमुळे त्या जागी तांबूस-काळे चट्टे पडतात आणि फूट शेंड्याकडून वाळत जाते. लांबून हा करपा वाटतो आणि बागायतदार बुरशीनाशक फवारून मोकळे होतात! म्हणून सकाळी बागेत फिरून निदान दहा झाडांच्या फुटी भिंगाने पाहाव्यात व तारखेसह वहीत नोंद ठेवावी. काजूवर ओंबील (झाडावर पानांची घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या) असतील तर त्यांची घरटी मोडू नयेत. चावतात हे खरे, पण त्या ढेकण्याची शिकारही करतात.

आंब्यावरील तुडतुडे मोहोर नसताना खोडाच्या सालीतील फटींत दडून बसतात, म्हणून फवारा पानांबरोबर खोडावर व मोठ्या फांद्यांवरही पोहोचला पाहिजे. पालवीवर तुडतुडे दिसल्यास डेल्टामेथ्रीन 2.8 टक्के 9 मिली, तर काजूच्या पालवीवर ढेकण्या दिसल्यास लॅम्बडा सायहॅलोथ्रीन 5 टक्के 6 मिली, 10 लिटर पाण्यात मिसळून फवारावे. बाजारात याच नावांची वेगवेगळ्या तीव्रतेची औषधे मिळतात, त्यामुळे बाटलीवरील टक्केवारी वाचल्याशिवाय माप घेऊ नये. ही दोन्ही औषधे एकाच गटातील आहेत. ती वारंवार वापरल्यास मित्रकीटक मरतात आणि फुलकिडे बळावतात, म्हणून पुढील फवारणीचे औषध दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकावरून निवडावे. मोहोर पूर्ण उमललेला असताना फवारणी टाळावी, कारण आंब्याचे परागीभवन बहुतांशी माश्या करतात आणि त्या मेल्यास मोहोर भरघोस दिसूनही फळ धरत नाही.

काजूच्या बुंध्याजवळ डिंक आणि भुसा दिसल्यास खोडकिडा समजावा, पोखरलेली साल पटाशीने काढून आतील अळ्या वेचून नष्ट कराव्यात. हे काम गवत उभे असताना नीट होत नाही. तेव्हा गवत सुकण्याआधीच बुंधे मोकळे करावेत आणि त्याच वेळी बागेभोवती जाळरेषाही (वणवा अडवणारा गवत काढलेला पट्टा) काढून घ्यावी.