दुपारचं ऊन, पाचचा वळीव: रोहिणीआधीची तयारी

सोलापुरात मे संपत आला की एकाच दिवसात दोन ऋतू उरकतात. दुपारी तीनला चप्पल डांबराला चिकटते आणि पाचला पत्र्यावर गारा वाजायला लागतात. म्हणून तयारी दोन्हींची करायची, आणि वळवाची तर ऊन डोक्यावर असतानाच. ढग दिसल्यावर शिडी शोधत बसलं की झालंच.

हवामान खात्याच्या अंदाजात ‘उष्णतेची लाट’ हे शब्द नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका. सपाटीवर पारा किमान ४० हवा आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर हवा, किंवा सरळ ४५ ला टेकायला हवा, तेव्हा लाट धरतात. आपली मेची सरासरीच चाळिशीच्या आसपास. म्हणजे ४३ ला कागदावर लाट नाही, पण यंत्रमागाच्या शेडमध्ये उभ्या माणसाला त्या व्याख्येचा काय उपयोग? बाहेरची कामं सकाळी अकराच्या आत उरका. घरात ओआरएसची पाकिटं नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. ताक आणि ज्वारीचं आंबील आहेच. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापून कोरडं पडलं, तर सावलीत घ्या, ओल्या फडक्यांनी अंग पुसत राहा आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका; आपल्याकडे तीच घाई फार.

पाण्याचं वेगळं सांगायला नको. उजनी धरण ११७ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) म्हणतात, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठाच, म्हणजे दारांच्या खाली तळाशी राहणारं पाणी. मेमध्ये धरण ‘मायनस’मध्ये, म्हणजे मृतसाठ्यात गेलं, ही बातमी आपल्याला पाठ असते. त्यात वळवात वीज गेली की पंप थांबतात, पंप थांबले की पाण्याची पाळी पुढे सरकते. तेव्हा पाळीपेक्षा दोन दिवसांचं जास्त पाणी धरून ठेवा. मात्र पिंपाला झाकण नसेल तर धोतराचं जुनं पान दोरीने करकचून बांधा आणि आठवड्यातून एकदा सगळी भांडी कोरडी करून आतून घासा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवणीतच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचं पिल्लू उडायला लागतं.

आता वळीव. तापलेली हवा वर चढते, समुद्रावरून आलेली ओल तिला मिळते आणि तीन-चारच्या सुमाराला ढग उंच होत जातो. पाऊस पडण्याआधी त्या ढगातली गार हवा खाली आदळते, तोच तो धुळीचा लोट. नुकसान पावसापेक्षा या वाऱ्याने जास्त होतं. जिन्यावरचा पत्रा आजच हलवून बघा. सैल असेल तर हुक-बोल्ट मारून घ्या. पत्र्यावर दगड ठेवायची आपली जुनी खोड सोडा. पत्रा उचलला गेला की तोच दगड खालच्याच्या डोक्यात. पन्हाळीतला कडुलिंबाचा पाला काढा. मोटारसायकल झाडाखाली आणि होर्डिंगखाली लावू नका.

वाळवणाचं माझ्याकडून शिका. गेल्या मेमध्ये चार किलो गव्हाच्या कुरडया गच्चीवर होत्या. वरून कडक, आतून अजून ओल्या. आभाळ निरभ्र म्हणून मी निवांत झोपलो. टपोरे थेंब पडले ते पाच मिनिटंच, पण वर पोचेपर्यंत कुरडईची जाळी मोडून तिचा पुन्हा चीक झाला होता आणि तो खाली अंथरलेल्या धोतराला असा बसला की सोडवताना कापडच फाटलं. घरच्यांनी वर्षभर ऐकवलं. त्यामुळे आता चारच्या आत वाळवण खाली, आभाळ कसंही असो.

विजेसाठी फोनवर ‘दामिनी’ घ्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ॲप आहे, २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यातली वीज दाखवतं. फोन नसेल तर मोजा: वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांहून कमी गेले, की पक्क्या घरात शिरा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. रानात एकट्या झाडाखाली उभं राहायचं नाही, जनावरंही तिथे बांधायची नाहीत. टीव्ही आणि फ्रिजचा प्लग वाऱ्याचा पहिला झोत आला की काढा. चार्जिंग दुपारीच करून ठेवा. रात्री वीज नसली तरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी असली की जेवण होतं.

शिवारात कडब्याची गंजी राहिली असेल तर ताडपत्रीची टोकं नुसती खोचू नका, दोरीने ओढून खुंटीला बांधा. वर्षाची ज्वारी दोन कडक उन्हं दाखवून, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा.

आणि वळवावर पेरू नका. २०२५ मध्ये मान्सून २४ मे ला केरळात आणि २६ मे ला मुंबईत पोचला, तेव्हा मेमधल्याच पावसात कित्येकांची मशागत अडली होती. पण दर साल तसं नसतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय तूर, उडीद, सोयाबीनला हात लावू नका. तोवर घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, सावलीत ठेवा, गोणपाट सुकू देऊ नका. आठवड्याने उलगडून मोजा. सत्तरच्या खाली उगवले असतील तर बियाणं बदला.