हिरवी उलटी: नवजात विभागात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी

नवजात बाळाला हिरवी उलटी झाली, की आतड्याला पीळ पडलाय असं धरूनच कामाला लागायचं. पोट मऊ आहे, बाळ दूध ओढतंय, शी झालीय, यातल्या कशावरही विसंबू नका. पीळ पडल्यावर सुरुवातीला पोट मऊच लागतं आणि साधा एक्स-रेही नॉर्मल येऊ शकतो. पोट फुगून शीतून रक्त येईपर्यंत आतड्याचा रक्तपुरवठा धोक्यात आलेला असतो.

रंग स्वतः बघा. घरचे 'पिवळी झाली' म्हणतात, चीकही पिवळाच असतो. दुपटं मागून घ्या आणि खिडकीपाशी न्या, कारण फोटोथेरपीच्या (काविळीच्या उपचाराच्या) निळ्या दिव्याखाली रंग फसवतो. पालक भाजीच्या रसासारखा डाग म्हणजे पित्त.

लगेच सर्जनला फोन करा, तपासण्या पूर्ण व्हायची वाट नको. दूध बंद. तोंडावाटे जठरात 8 फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) नळी घाला, कमी वजनाच्या बाळाला 6 ची. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. हाताशी असलेली दुधाची 5 ची नळी गुठळीने तुंबते, किंवा कुणीतरी टोपण लावून टाकतं. मग पित्त साचतं, उलटी होते आणि ती फुफ्फुसात जाते. नळी उघडी ठेवा, अधूनमधून सिरिंजने ओढून बघा. जेवढं पित्त निघेल तेवढंच 0.9 टक्के सलाईन शिरेतून भरून काढा. नेहमीचं ग्लुकोजचं पाणी शिरेतून द्यायचं ते याशिवाय वेगळं.

छातीच्या हाडावर 5 सेकंद बोट दाबा. रंग परतायला 3 सेकंदांहून जास्त लागले, तर किलोमागे 10 मिली सलाईन द्या आणि पुन्हा तपासा. साखर, ब्लड गॅस, लॅक्टेट पाठवा. रक्त जुळवायला आईचाही नमुना घ्या. व्हिटॅमिन के दिलंय ना, हे कागदावर बघून खात्री करा. अँटिबायोटिक सुरू करा.

बाळ स्थिर असेल तर तातडीने कॉन्ट्रास्ट एक्स-रे. ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) जिथे जेजुनमला (त्यापुढच्या भागाला) मिळतं ते वळण मणक्याच्या डावीकडे, पायलोरसच्या (जठराच्या खालच्या तोंडाच्या) उंचीवर दिसायला हवं. बाळ शॉकमध्ये असेल तर मात्र तपासणीत वेळ घालवू नका, थेट ऑपरेशन. पीळ बहुधा घड्याळाच्या दिशेने पडलेला असतो, सर्जन तो उलट फिरवून सोडवतात.

दुसरीकडे पाठवायचं असेल तर वाटेतही नळी उघडी आणि बाळ उबदार हवं. चिठ्ठीत पहिल्या हिरव्या उलटीची वेळ ठळक लिहा. पोचल्यावर सर्जन आधी तीच विचारतील.