नोटेशन वाचताय? मग या चुका टाळा

गाणाऱ्याला नोटेशन, म्हणजे स्वर-ताल कागदावर लिहायची लिपी, यायलाच हवं का, यावर पुण्यात अजून वाद चालतो. ख्याल गायचा असेल तर पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनवाचून काही अडत नाही. पण आपली बंदिश सम (तालाची पहिली मात्रा) आणि खाली (टाळी न देता हात उघडायची मात्रा) यांच्यासकट आपल्या वहीत लिहिता आणि परत वाचता आलीच पाहिजे. क्वायरमध्ये किंवा स्टुडिओत कोरसला उभं राहायचं असेल, तर मात्र पाच रेघा शिकाव्याच लागतात. वाद इथे संपवून चुकांकडे वळू.

आजीचं पुस्तक, नातवाचं गाइड

विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यामुळे पेठांमधल्या जुन्या कपाटांत पलुसकरांच्या नोटेशन पद्धतीची पुस्तकं हमखास सापडतात. अप्पा बळवंत चौकातून आणलेलं नवं पुस्तक मात्र बहुधा विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीचं निघतं. दोन्हींत अक्षरं तीच, पण खुणा वेगळ्या. आणि नेमक्या त्याच खुणा एकमेकींसारख्या दिसतात.

भातखंडे पद्धतीत अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल (उतरवलेला) स्वर. पलुसकर पद्धतीत तशीच रेघ म्हणजे एक मात्रा. भातखंडेंचं वरचं टिंब तार (वरच्या) सप्तकाचं, तर पलुसकरांचं वरचं टिंब मंद्र (खालच्या) सप्तकाचं. तारेसाठी तिथे उभी रेघ असते. भातखंडे समेला फुली घालतात. पलुसकर समेला १ लिहितात आणि खालीला अधिकचं चिन्ह देतात. घाईत फुली आणि अधिक यांत फरक तो काय दिसणार!

परीक्षेच्या हंगामात याचा प्रयोग ठरलेला असतो. भातखंडे पद्धत शिकलेलं मूल आजीच्या पुस्तकातला भूप राग काढतं. प्रत्येक अक्षराखाली रेघ दिसते, म्हणून रे, ग, ध सगळे कोमल लावतं, आणि भूपाचा भूपाल तोडी, म्हणजे वेगळाच राग, होतो. मंद्र धैवताच्या डोक्यावर टिंब दिसतं, म्हणून गळा ताणून तो तारेत लावतं. अधिकच्या चिन्हाला सम समजतं, त्यामुळे मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) खालीच्या मात्रेवर येऊन आदळतो. मग घरचे म्हणतात, ‘पुस्तकच चुकीचं छापलंय.’ खरं तर रेघ सा आणि प यांच्याखालीही असते. हे दोन स्वर कोमल होतच नाहीत, तिथेच शंका यायला हवी होती. पण शंका घ्यायला वेळ कुणाला आहे, पुढच्या रविवारी परीक्षा!

पुस्तक उघडलं की आधी तालाची ओळ बघायची. फुली आणि शून्य दिसलं तर भातखंडे, १ आणि अधिक दिसलं तर पलुसकर. मुखपृष्ठावर पेन्सिलीने ‘भा’ किंवा ‘प’ लिहून टाकायचं. मग बंदिश आपल्या नेहमीच्या पद्धतीत उतरवायची. आधी तालाचे विभाग, मग स्वर, मग सप्तकाची टिंबं आणि शेवटी शब्द. उतरवायचा कंटाळा करून मोबाईलने फोटो काढणाऱ्यांकडे फोटोच राहतात, बंदिश राहत नाही.

सी म्हणजे सा नव्हे

सरगम शिकलेली मुलं पाच रेघा बघितल्या की पेन्सिलीने वर सा-रे-ग लिहायला घेतात आणि सी हा पाश्चात्त्य स्वर दिसला की सा ठोकतात. सी ही ठरलेली पट्टी आहे, हार्मोनियमची पांढरी १. सा मात्र गाण्यागणिक हलतो.

जी मेजरमधलं, म्हणजे जी हा सा असलेलं गाणं घ्या. सुरुवातीला वरच्या, म्हणजे पाचव्या रेघेवर एकच शार्प (स्वर अर्धा चढवायची खूण) असतो. तो पानभरच्या सगळ्या एफना लागू असतो. ऑल्टो (बायकांच्या खालच्या आवाजाची ओळ) गाणाऱ्या मुलीचा एफ मात्र तळाच्या घरात, पहिल्या आणि दुसऱ्या रेघेमध्ये येतो. तिला वाटतं, शार्प वरच्यालाच आहे. सी म्हणजे सा धरल्यामुळे तिला हा एफ अगदी निष्पाप शुद्ध मध्यम वाटतो, आणि ती तो बिनधास्त लावते. डी, एफ शार्प, ए असा मेजर कॉर्ड (एकदम वाजणारे स्वर) हवा असतो, तिथे तिच्यामुळे मायनर होतो. सगळे एकमेकांकडे बघतात आणि बोलणी बिचाऱ्या टेनरला (पुरुषांच्या वरच्या आवाजाला) बसतात. तिने जी म्हणजे सा धरला असता, तर तोच स्वर कोमल निषाद झाला असता आणि तिच्याच कानाला खुपला असता.

म्हणून तोंड उघडण्याआधी सा शोधा. मेजर गाण्यात शेवटचा शार्प म्हणजे शुद्ध नी. त्याच्या अर्धा स्वर वर सा. फ्लॅट (स्वर अर्धा उतरवायच्या खुणा) असतील तर शेवटून दुसरा फ्लॅट हाच सा. एकच फ्लॅट असेल तर सा एफवर, आणि काहीच खूण नसेल तेव्हाच सी. मग हार्मोनियमवर ती पट्टी धरा (जीसाठी पांढरी ५), आरोह-अवरोह एकदा म्हणा आणि नंतरच कागद बघा. मायनर गाण्यात याच हिशोबातला धैवत घर बनतो, एवढं लक्षात ठेवा.

समेआधीच लिहायला घेणं

सोळा मात्रांच्या तीनतालातल्या कितीतरी मध्यलय बंदिशी नवव्या मात्रेपासून उठतात. नवशिके पहिला शब्द पहिल्या रकान्यात लिहितात आणि सगळी बंदिश आठ मात्रा सरकते. आधी सोळा रकाने आखा, १, ५, ९, १३ वर खुणा करा, हातावर ताल धरून समेवर कोणतं अक्षर येतं ते पकडा आणि तेवढंच पहिल्या रकान्यात लिहा. बाकीचं तिथून मागे-पुढे भरा. तबल्याचं ॲप लावून अंदाजाने भरू नका. ॲप तुमची चूक कधीच दाखवत नाही.

किरकोळ, पण रोजच्या

स्वरापुढची आडवी रेघ ही विश्रांती नसते, तिथे स्वर लांबवायचा असतो. शब्दांच्या ओळीत तेच काम अवग्रह (ऽ) करतो.

दरबारी रागाचा कोमल गंधार आणि बागेश्री रागाचा कोमल गंधार यांच्याखाली सारखीच रेघ असते, पण गाताना ते वेगळे लागतात. नुसत्या वहीवरून दरबारी बसवू नका.

पाच रेघांच्या सुरुवातीच्या ट्रेबल क्लेफ या खुणेखाली छोटा ८ दिसला तर लिहिलंय त्याहून एक सप्तक खाली गायचं.

स्वर आणि लय एकदम वाचायला जाऊ नका. आधी टाळीवर नुसता ‘ता’ म्हणत चार मापं (बार) काढा, मग स्वर घाला. दोन्ही एकदम करणारे पहिल्याच अर्ध्या मात्रेला अडखळतात आणि कागदालाच नावं ठेवतात.